बंडू बसतो, पण...

१९५५ साली चेकोस्लोव्हाकियाच्या सीमा रक्षक दलाला लांडगा आणि कुत्रा यांचं जमवून बघावंसं वाटलं. वाटायला काय, सरकारी खात्याला काहीही वाटू शकतं. आपल्याकडे अशा कल्पनेवर समिती नेमतात, समिती दौऱ्यावर जाते, आणि अहवाल येईपर्यंत लांडगा वयोमानाने वारतो, कुत्र्याची बदली होते. तिथे मात्र काम कारेल हार्टल यांच्याकडे होतं. हे गृहस्थ नावाआधी 'इंजिनिअर' लावत. इंजिनिअरने एखादी गोष्ट मनावर घेतली की काय होतं, हे ज्यांच्या घरात इंजिनिअर आहे त्यांना सांगायला नको. ब्रिता नावाची कार्पेथियन लांडगीण आणि सेझार नावाचा जर्मन शेफर्ड, असं स्थळ त्यांनी काढलं. ते जमता जमता तीन वर्षं गेली, आणि २६ मे १९५८ रोजी पिल्लं झाली.

सुरुवातीला हे सगळं शास्त्रीय कुतूहल होतं. पण पिल्लं धडधाकट निघाली, त्यांनाही पुढे पिल्लं झाली, तसा खात्याचा लोभ वाढला. शेफर्डचं ऐकणं आणि लांडग्याचा दम, दोन्ही एकाच कातड्यात मावलं तर सरहद्दीच्या तारेखालून कोण निसटतो ते बघू! मग आर्गो, शारिक असे आणखी लांडगे कामाला लावले. १९८३ साली लेडी नावाची लांडगीण आली आणि त्यानंतर ही भरती बंद झाली. दरम्यान १९८२ मध्ये देशाने या कुत्र्याला राष्ट्रीय जात म्हणून मान्यता दिली होती. जागतिक श्वानसंघटनेची तात्पुरती मान्यता आली १९८९ साली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राजवट कोसळली, तारा कापल्या गेल्या. ज्या नोकरीसाठी तीन दशकं तयारी केली ती जागाच रद्द झाली. १९९३ मध्ये देशाचीही वाटणी झाली. १९९९ साली कायम मान्यता मिळाली तेव्हा कुत्र्याच्या नावात जो देश होता, तो नकाशावर उरला नव्हता. चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग. दप्तरी त्याचं पालकत्व स्लोव्हाकियाकडे आहे.

दप्तरातली मला सर्वांत आवडलेली नोंद वेगळीच आहे. जागतिक यादीत या कुत्र्याचा क्रमांक ३३२, गट पहिला, विभाग पहिला : मेंढपाळी कुत्रे! मी बार्शीकडचा माणूस. आमच्याकडे माळावर धनगरांची बिऱ्हाडं उतरायची आणि रात्रीत कोकरू गेलं तर कुणी नेलं याची चौकशी कुणी करत नसे. त्या आरोपीच्या वंशजाला मेंढ्यांच्या खात्यात नेमणूक मिळाली आहे, हे मी गावाकडच्या एका धनगर मित्राला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, तिकडं मेंढ्या हायत का अजून?"

तर या कुळातला एक नर माझ्या मुलीने, मीनलने, ब्रनो शहरात पाळला आहे. ती आणि जावई दोघंही तिथे सॉफ्टवेअरमध्ये. कुत्र्याचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे, शेवटी 'अमक्या उपवनाचा' अशी कुलनामाची शेपटी. घरात बंडू. परदेशातली मुलं आईवडिलांना बोलावतात ती नातवंडं सांभाळायला, हा आता सर्वमान्य रिवाज झाला आहे. आम्हाला मात्र "बाबा, काही काम नाही, निवांत राहायला या" असं सांगितलं होतं. घरात पाऊल टाकलं तर सोफ्याच्या जागी सोफ्याचा सांगाडा. त्याच्याआड पिवळसर, तिरपे डोळे. सौ.ला सगळं जागच्या जागी कळलं. "तरीच व्हिसा पूर्ण नव्वद दिवसांचा काढलाय," ती म्हणाली.

बंडूला एकटं राहणं मान्य नाही. या जातीचे बहुतेक कुत्रे असेच. कळप सोडून गेला की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि जीव थाऱ्यावर नसला की फर्निचरही राहत नाही. मीनल त्याच्यासाठी घरून काम करायला लागली होती. जावई रोज सायकल घेऊन त्याला पळवून आणत, कारण दमलेला बंडूच फक्त घरात ठेवण्यालायक असतो. पण या जातीसाठी सायकलबरोबर पळायच्या रीतसर परीक्षा असतात, चाळीस, सत्तर आणि शंभर किलोमीटरच्या, यावरून कोण आधी दमणार याचा अंदाज यावा. लग्नातले जावई आणि आत्ताचे जावई शेजारी उभे केले तर काका-पुतणे वाटतील.

राहिला होता तो अभ्यास. तो माझ्याकडे आला.

मी जन्मभर शाळेत घालवला, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. व्हरांड्यात माझ्या चपला वाजल्या की वर्ग चिडीचूप व्हायचा. अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' असं लिहिणाऱ्या पिढ्या माझ्या हाताखालून गेल्या. त्यांतल्या कित्येकांनी तो अर्ज शेजारच्याकडून लिहून घेतलेला असायचा, हा भाग वेगळा. २००९च्या कायद्याने छडी गेली, पण आवाज शाबूत होता. एका कुत्र्याला 'खाली बस' एवढं शिकवायचं, त्यात काय मोठंसं?

शनिवारी सकाळी शहराबाहेरच्या मैदानावर वर्ग भरतो. चेक लोक अशा जागेला 'त्स्विचाक' म्हणतात. कुंपण, उड्या मारायच्या फळ्या, एक लाकडी खोपटं, आणि तास संपल्यावर सॉसेज भाजायला शेगडी. बिअर असतेच, तिचा उल्लेख वेगळा करायची त्या देशात पद्धत नाही. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. पायात गमबूट, जाकिटाच्या दोन्ही खिशांत 'पिश्कोटी'. ही खरं तर तान्ह्या मुलांना द्यायची गोल, पोकळ, गोडसर बिस्किटं. पण चेक कुत्र्यांचं निम्मं शिक्षण त्यांच्यावरच होतं. बाईंच्या खिशाची शिवण उसवलेली होती, चालताना त्यातून भुगा सांडत राहायचा, आणि वर्गातले सगळे कुत्रे त्या वेळी त्यांच्या मागून 'पायाशी चाल' हा धडा बिनचूक करायचे.

आज्ञा चेकमध्ये. सेदनी म्हणजे बस. लेहनी म्हणजे आडवा हो. झूस्तान म्हणजे आहेस तिथे थांब. के म्ने म्हणजे माझ्याकडे ये. क नोझे म्हणजे पायाशी चाल. आणि फुय म्हणजे शी. मी आठवडाभर गॅलरीत उभा राहून पाठ करत होतो. समोरच्या गॅलरीतल्या आजी पहिल्या दिवशी माझ्या सेदनीवर चक्क खुर्चीत बसल्या, तेव्हा उच्चार बरोबर असल्याची खात्री पटली.

मैदानावर मी बंडूला म्हटलं, "सेदनी." बंडू बसला. इतका सुबक बसला की कुणी बघितलं का म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. पुन्हा म्हटलं. बसला, पण बसण्याआधी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. आणखी एकदा म्हटल्यावर त्याने जांभई दिली, मागचे पाय किंचित वाकवले आणि बूड जमिनीपासून चार बोटं वर ठेवून तसाच थांबला. प्रस्ताव तत्त्वतः मान्य, अंमलबजावणी यथावकाश. त्यानंतर तो उठून शेगडीपाशी गेला.

शेजारी एक जर्मन शेफर्ड होता. त्याची मालकीण 'सेदनी' म्हणाली की तो बसायचा, आणि पुन्हा म्हणाली की आधी उठून मग पुन्हा बसायचा, न जाणो आधीचं बसणं कमी पडलं असेल तर! डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळलेले. असले विद्यार्थी मी पाहिले आहेत. वार्षिक तपासणीला पुढच्या बाकावर बसवायला फार उपयोगी.

बाई माझ्याजवळ आल्या आणि चेकमध्ये काहीतरी लांबलचक बोलल्या. मीनलने सांगितलं, "त्या म्हणतायत, त्याला येतं. त्याने तुम्हाला दाखवलं. मग पुन्हा पुन्हा का विचारताय?" बाई त्यापेक्षा एक वाक्य जास्त बोलल्या होत्या. मीनलने ते गाळलं. पण गाळलेलं वाक्य चेहऱ्यावरून वाचण्यातच माझी हयात गेली आहे : तुम्हाला दिसत नाही का?

बाईंची सगळी विद्या त्या दिवशी कळली. शेफर्डला घोकंपट्टी आवडते, वुल्फडॉगला कारण लागतं. तीच गोष्ट सारखी करायला लावली की तो मनातून वर्ग सोडून जातो, आणि मग अंगानेही जातो. म्हणून तास त्याने संपवायच्या आत आपण संपवायचा. हिसडा द्यायचा नाही, मारायचं तर नाहीच. हा कुत्रा अपमान विसरत नाही. त्याच्याकडून मिळवायचं ते मिठास बोलून, बिस्किट दाखवून आणि थोडंसं गूढ राहून. या पद्धतीने आमच्या संस्थेचे चेअरमन अनुदान मिळवत.

ओरडू नका, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण बंडू कुंपणापलीकडच्या सशाकडे बघत असताना माझा 'के म्ने' जरा व्हरांड्यातल्या आवाजात निघाला. बंडूने मान तिरकी केली. ससा सोडून पूर्ण लक्ष माझ्याकडे. मग नाक आभाळाकडे उचललं आणि अगदी खालच्या षड्जापासून जो सूर लावला, तो चढत चढत मैदानभर गेला. एकेक करून सगळे कुत्रे सामील झाले. शेफर्डसुद्धा, मालकिणीकडे अपराधी नजरेने बघत बघत. बंडूला वाटलं होतं मी गातोय.

या जातीला भुंकण्याची फारशी हौस नसते, चोर आला तरी हे शांतपणे बघतात. विव्हळून गाणं मात्र रक्तातलं. चेक देशात दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता धोक्याचे भोंगे वाजवून तपासतात. ती चाचणी बंडूच घेतो, असं आमच्या इमारतीतल्या लोकांचं मत आहे.

माझा आवाज असा निकामी झाल्यावर मी वाचनाकडे वळलो, आणि बुडापेस्टच्या एका प्रयोगाशी येऊन थांबलो. आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तो प्रसिद्ध केला. माणसांच्या हातावर वाढलेले लांडगे घेतले आणि तसेच वाढलेले कुत्रे. दोरी ओढली की मांस हाती येतं, हे दोघांनाही शिकवलं. दोघंही शिकले. मग गुपचूप दोरी पक्की बांधून टाकली. आता कितीही ओढलं तरी मांस येणार नाही. कुत्र्यांनी थोडा वेळ ओढून पाहिलं, आणि वळून मागे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. लांडगे दोरी ओढत राहिले. मागे माणूस उभा आहे, तो आपल्याला वाढवणारा आहे, त्याला विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

हे वाचल्यावर मला बंडूचा राग येईना. शिकवणं म्हणजे काय, तर गणित अडलं की पोराने वर बघायचं आणि मास्तरांनी भुवई उंचावून दिशा दाखवायची. माझा सगळा पगार त्या वर बघण्यावर निघाला. बंडू बघतही असेल अधूनमधून, शेवटी अंगात शेफर्ड बराच आहे. पण माझ्या भुवयांचा त्याने उपयोग करून घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

फराळाच्या डब्याची गोष्ट सांगतो. सौ.ने बार्शीहून भाजणीच्या चकल्या नेल्या होत्या, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. तिकडच्या दारांना आडव्या मुठी असतात, पंजा ठेवून खाली दाबली की दार उघडतं. बंडूला ते लहानपणीच जमल्यामुळे जावयांनी सगळ्या मुठी काढून उभ्या बसवल्या होत्या. आमच्या खोलीत मी रात्री अंधारात मूठ शोधत उभा राहायचो, पण बंडू अडला होता हे खरं. कोठीच्या खोलीची मूठ तेवढी आडवी राहिली होती, तिला वरून खिट्टी होती म्हणून. एका दुपारी मी सोफ्याच्या सांगाड्यावर पडल्या पडल्या बघत होतो. बंडू दारापुढे बसला. कुणी न सांगता. खिट्टीकडे बघत राहिला, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग मागच्या पायांवर उभा राहून त्याने खिट्टी नाकाने वर ढकलली आणि पंजा मुठीवर टाकला. आत डबा खाली पडल्याचा आवाज. तो दोन पंजांत धरून त्याने झाकणाच्या कडेला सुळा लावला, डबा फिरवला, पुन्हा लावला. झाकण सुटलं. मी त्याच्या मागे हाताच्या अंतरावर येऊन उभा होतो. त्याने वळून पाहिलं नाही.

चकल्या संपल्यावर पाहिलं. तेव्हाही, पाणी कुठे आहे एवढ्यापुरतंच.

त्याला आज्ञा न देणारी घरात एकच व्यक्ती होती. सौ. मटार सोलत बसली की तो तिच्या शेजारी पसरायचा. तिला त्याच्याकडून काहीही नको होतं. मटार मात्र त्याला हवे असायचे. ती उठली की उठायचा, बसली की बसायचा, दारात थांबली की थांबायचा. त्स्विचाकचा संपूर्ण अभ्यासक्रम ती शेंगा सोलता सोलता करून घेत होती, आणि मी तो कागदावर आणायचा प्रयत्न करत होतो.

असा प्रयत्न करणारे मोठे लोक होऊन गेले आहेत. हॉलंडचे लेंडर्ट सारलोस यांनी हार्टलसाहेबांच्याही आधी, १९३०च्या दशकात, रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका लांडगिणीशी आपल्या जर्मन शेफर्डचं जमवलं. कामाचा कुत्रा फार मवाळ झालाय, त्याच्यात थोडं रान परत आणावं, हा हेतू. रान आलं. पण रानातला लांडगा माणूस दिसला की अंगावर धावून येत नाही, झुडपाआड जातो. तशी ही कुत्रीही अनोळखी काही दिसलं की सभ्यपणे निघून जाऊ लागली. सारलोस १९६९ साली गेले. १९७५ साली त्या जातीला मान्यता मिळाली तेव्हा तिला त्यांचंच नाव दिलं.

शेवटी परीक्षा आली. 'बी.एच.' म्हणतात तिला, सोबत्याच्या कुत्र्याची परीक्षा. गुण ६०, पास व्हायला ४२. म्हणजे सत्तर टक्के! आमच्या बोर्डात ३५ला पोरगं पुढे जातं आणि घरी पेढे येतात. मीनल मैदानात, मी कुंपणाबाहेर. पालकांना कुंपणाबाहेर ठेवायचा नियम मीच कैक वर्षं राबवला होता, तो इतका जाचक असतो हे ठाऊक नव्हतं.

या परीक्षेत एक कुत्रा आपलं काम करत असताना दुसऱ्याने लांब एका जागी आडवं पडून राहायचं असतं. बंडूची पाळी पडून राहण्याची होती, काम शेफर्डचं. बाईंनी डोळे मिटून घेतले. मीनल म्हणाली, "लेहनी. झूस्तान." बंडू आडवा झाला. शेफर्ड गेला, आला, वळला, बसला, माणसांच्या घोळक्यातून फिरला. बंडू हलला नाही. पलीकडच्या रस्त्याने सायकलवाले गेले, वरून विमान गेलं. हनुवटी पंजांवर, डोळे अर्धे मिटलेले. परीक्षकांनी मान डोलावली. माझ्या छातीत जे काही झालं ते मी माझ्या शाळेचा मुलगा बोर्डात आला तेव्हाही अनुभवलं नव्हतं. शेफर्डचं काम संपलं, परीक्षकांनी खूण केली, मीनल बंडूशेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सेदनी."

बंडू पडून राहिला.

नियमाप्रमाणे आता त्याने उठून बसायचं आणि मग आपला धडा करून दाखवायचा. पण थांब म्हटलं होतं, तो थांबला होता. ऊन कोवळं होतं, गवत सुकं होतं, या व्यवस्थेत बदल का करावा हे त्याला कुणी पटवून दिलं नाही. मीनलने पुन्हा सांगितलं. परीक्षक घड्याळ बघू लागले. अखेर खोपट्याच्या बाजूने सॉसेजचा वास आला तेव्हा बंडू उठला, अंग ताणलं, परीक्षकांच्या पायांजवळून गेला आणि शेगडीपाशी जाऊन, कुणी न सांगता, उत्तम बसला. बेरीज अर्थातच ४२च्या खाली राहिली. बाईंनी मात्र खिशातला उरलासुरला भुगा झाडून त्याच्यापुढे धरला. पडून राहण्याइतका निष्कलंक भाग त्या सकाळी दुसऱ्या कुणाचा झाला नाही, असं त्यांचं मत, आणि मी ते शिक्षण क्षेत्रातला ज्येष्ठ म्हणून उचलून धरतो.

परत आल्यापासून नात्यातली, ओळखीची तरुण मंडळी मोबाइलवर वुल्फडॉगची रीळं दाखवतात आणि विचारतात, गुरुजी, पुण्यात मिळेल का हो असला? दिसतो काय रुबाबदार! बाबांनो, रुबाबदार दिसतो, पण त्याच्या अंगावर कार्पेथियन हिवाळ्याची लोकर आहे आणि तुमच्याकडे एप्रिल आहे. तो रोज तासन्‌तास पळणार, घरी एकटा राहणार नाही, तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी सूर लावून बोलणार. ऐकणारा कुत्रा हवा असेल तर शेफर्ड घ्या, नाहीतर रस्त्यावरचं एखादं पिल्लू उचला. ते तुमच्या तोंडाकडे बघेल.

आणि लांडगा-कुत्र्याचा संकर बघायला ब्रनोला जायची गरजही उरलेली नाही. पुण्याजवळच्या माळरानावर असा संकरित प्राणी सापडल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे, २०२३ साली तसा शोधनिबंध आला. त्यात कुणा इंजिनिअरचा हात नाही. आपण माळ खाल्ला, कचरा टाकला, भटकी कुत्री वाढवली, आणि जमलं ते आपोआप जमलं. हार्टलसाहेबांना लांडगे मिळवावे लागले, आपल्याला आहेत ते अस्सल राखायचे आहेत. तेव्हा हौस असेल तर इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला जा, वनखात्याची गवताळ प्रदेशाची सफारी आहे. पहाटे जा, दुर्बीण न्या, घरचा कुत्रा नेऊ नका. लांडगा दिसलाच तर लांबून बघा, आणि कृपा करून त्याला बसायला सांगू नका.